बेंच ८० वर अडकलाय? आधी ताकद मोजणं बंद कर

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा की वय २७, वजन ७४ किलो, जिम सुरू करून तीनेक वर्षं झाली, आणि बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून बार ढकलणं) ८० किलोवर येऊन थांबलाय तो दिवाळीपासून हललाच नाहीये. दर सोमवारी चेस्ट मारतोस, ४० किलोवर १५ रेप्स (म्हणजे १५ वेळा), ६० वर १२, ७० वर ६, मग ८० वर एक स्वतःचा आणि एक स्पॉटरच्या (बार सावरायला डोक्यामागे उभा राहतो त्याच्या) मदतीने. त्यानंतर छातीचेच आणखी व्यायाम, इन्क्लाइन, फ्लाय, पेक डेक, केबल, सगळं फेलियरपर्यंत, म्हणजे पुढचा रेप निघेनासा होईपर्यंत. ट्रेनर म्हणतो ड्रॉप सेट लाव (न थांबता वजन कमी करत मारत राहा), पार्टनर म्हणतो निगेटिव्ह मार (जड बार फक्त सावकाश खाली आण), तिसरा म्हणतो प्री-वर्कआउट (व्यायामाआधी प्यायची पावडर) बदल. आणि तू विचारतोयस की यातलं नेमकं काय करू.

यातलं एकही नको करूस. तुझी मेहनत कमी पडत नाहीये, उलट नको तिथे जास्त होतेय. मी पॉवरलिफ्टिंग करतो, पोरांना शिकवतो, आणि ८० वर अडकलेली पोरं मला इतकी भेटतात की त्यांचा सोमवार मी न विचारता सांगू शकतो. सगळ्यांची भानगड एकच असते, दर आठवड्याला ताकद किती आहे ते मोजायचं आणि वाढवायची मात्र कधीच नाही. कोल्हापूर-सांगलीकडचा पैलवान यात्रेच्या मैदानात जशी कुस्ती धरतो तशी रोज धरतो का? रोज तालमीत मेहनत करतो, जोर-बैठका मारतो, आणि मैदान वर्षातून ठरावीक वेळाच. तू दर सोमवारी मैदानच मारायला उतरतोयस आणि मग विचारतोयस की ताकद का वाढत नाही.

एक हिशोब दाखवतो म्हणजे पटेल. एपलीचा एक साधा फॉर्म्युला आहे, रेप्सवरून मॅक्सचा, म्हणजे एका रेपला जास्तीत जास्त किती वजन जाईल त्याचा, अंदाज काढायचा. रेप्सना ३० ने भागायचं आणि वजनाचा तेवढा हिस्सा वजनातच मिळवायचा. तुझे ७० वर ६ आहेत, म्हणजे ६ भागिले ३०, पाचवा हिस्सा, ७० चा पाचवा हिस्सा १४, बेरीज ८४. हा अंदाज आहे, दोन-चार किलो इकडे तिकडे होतो, पण लक्षात घे की तुझ्या अंगात ८४ च्या आसपासची ताकद बहुतेक आत्ताच आहे आणि तू ८० चा दुसरा रेप स्पॉटरकडून करून घेतोयस. का? कारण ८० ची पाळी येईपर्यंत तू ३३ रेप्स मारून बसलेला असतोस. ४० वर १५ रेप्स हा वॉर्मअप नसतो रे, तो वर्कआउट असतो, आणि ६० वर १२ तर तुझ्यासाठी चांगलाच कामाचा सेट आहे. म्हणजे जड वजनापर्यंत पोहोचतोस तेव्हा ट्रायसेप्स आधीच अर्धे गेलेले.

दुसरी गोष्ट, आठवडाभरात ७० किंवा त्यावरचे तुझे रेप्स किती? सहा आणि एक, सात. सात रेप्समध्ये कोणाचा बेंच वाढणार सांग. पेक डेकने छाती गुरुवारपर्यंत दुखते म्हणून तुला वाटतं खूप काम झालं, पण दुखणं म्हणजे काम नव्हे. बेंच प्रेस ही नुसती छाती नाहीये, ती एक कला पण आहे, हात बसावा लागतो, आणि आठवड्यातून एकदा, तेही दमलेल्या अवस्थेत सात वेळा करून हात बसत नाही.

वॉर्मअप असा कर. रिकामा बार १० वेळा, ४० वर ५, ५० वर ३, ५७.५ किंवा ६० वर २, आणि मग सरळ कामाचे सेट. एवढंच. घाम नाही आला तरी चालेल.

आता प्लॅन सांगण्याआधी तीन गोष्टी तपास, कारण बऱ्याचदा ८० हा ८० नसतोच. पहिली म्हणजे स्पॉटर. त्याची दोन बोटं बारला लागली की तो रेप मोजायचा नाही, विषय संपला. "मी फक्त हात ठेवला होता, सगळा तुझाच होता" हे वाक्य प्रत्येक जिममध्ये रोज ऐकू येतं आणि त्यात कधीच तथ्य नसतं, दोन बोटांनी पाच-सात किलो सहज जातात. दुसरी म्हणजे बार. नियमातला ऑलिम्पिक बार २० किलोचा असतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये स्थानिक बनावटीचे बार असतात, कोणता १५, कोणता १८, आणि प्लेटवर २० छापलंय म्हणून ती २० असेलच असंही नाही. जिममधला वजनकाटा घे, त्यावर स्वतः उभा राहा, मग बार हातात घेऊन उभा राहा, फरक काढ. आणि एकदा बार ठरला की दर वेळी तोच घे, खडूने खूण कर हवं तर. तिसरी म्हणजे बार छातीला टेकतोय का. ६० ला टेकतो, ७० ला जेमतेम टेकतो आणि ८० ला तीन बोटं वरूनच परत जातो, असं फार लोकांचं होतं आणि त्यांना स्वतःला कळत पण नाही. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढ, समोरून नको, बाजूने, बेंचच्या उंचीवर फोन ठेवून.

आणि एक चौथी, जी कोणी सांगत नाही, ती म्हणजे प्लेट्स. तुझ्या जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची आहे असं तू लिहिलंयस. दोन्ही बाजूंना अडीच म्हणजे उडी ५ किलोची. स्क्वॉट १२० करणाऱ्याला ५ किलो म्हणजे ४ टक्के, पण तुझ्या ८० ला ५ किलो म्हणजे सव्वासहा टक्के. तीन वर्षं जिम करणाऱ्या माणसाची बेंचची ताकद एका झटक्यात सव्वासहा टक्के वाढत नसते, कितीही प्री-वर्कआउट प्या. म्हणजे तू कदाचित मधे ८१-८२ ला पोहोचलाही असशील आणि ८५ लावून फेल झालास आणि म्हणालास अडकलो. तर सव्वा किलोच्या प्लेट्सची एक जोडी स्वतःची विकत घे, बॅगेत ठेव, फार महाग नसतात. नाहीच मिळाल्या तर पायाला बांधायची वेल्क्रोवाली वजनं मिळतात अर्धा किलो, एक किलोची, ती बारच्या दोन्ही टोकांना सारखी गुंडाळ. लोक हसतील. हसू दे.

आता मूळ काम. बेंच आठवड्यातून तीन दिवस कर, मंगळवार, गुरुवार, शनिवार. सोमवार मुद्दाम टाळ, कारण सोमवारी अख्ख्या महाराष्ट्राचा चेस्ट डे असतो आणि बेंचला लाइन असते, एका बेंचवर चार जण आलटून पालटून मारणार आणि मग तुझी विश्रांती तुझ्या हातात राहणार नाही. तुला जड सेटनंतर तीन ते चार मिनिटं लागणार आहेत आणि ती घ्यायचीच आहेत, मोबाइलवर टायमर लावून.

मंगळवार मुख्य दिवस. पहिल्या आठवड्यात ६२.५ वर ५ सेट ५ रेप्सचे, दुसऱ्यात ६५ वर तेच, तिसऱ्यात ६७.५ वर तेच. चौथा आठवडा हलका, ५५ वर फक्त ३ सेट ५ चे आणि घरी जा. पाचव्यात ६७.५ वर ४ सेट ४ चे, सहाव्यात ७० वर ४ सेट ३ चे, सातव्यात ७२.५ वर ३ सेट ३ चे. आठवा आठवडा परत हलका, एक दिवस ७५ चा एकच रेप आणि बाकी ५५-६० वर थोडंसं. नवव्या आठवड्यात मंगळवारी मॅक्स. त्याआधी मॅक्स नाही, एकदाही नाही, मित्र आला, मूड होता, गाणं भारी लागलं होतं, काही कारण चालणार नाही.

गुरुवारचा दिवस पॉज बेंचचा. ५५ पासून सुरू कर, ६ सेट ३ रेप्सचे, बार छातीवर पूर्ण थांबवायचा, मनात "एक हजार एक" म्हणायचं आणि मग ढकलायचा, जितक्या जोरात जाईल तितक्या जोरात. दर आठवड्याला अडीच किलो वाढव, हलक्या आठवड्यात परत ५० वर ये. हा दिवस तुला सगळ्यात कंटाळवाणा वाटेल आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल, कारण आत्ता तू बार छातीवर आपटून उसळी घेतोयस (तू लिहिलं नाहीयेस पण बघ व्हिडिओत दिसेल) आणि उसळी संपते तिथेच, दोन-तीन इंचावर, बार अडकतो.

शनिवारी हात जवळ धरून बेंच, म्हणजे खांद्याच्या रुंदीएवढे, ५० वर ३ सेट ८ चे, आणि त्यानंतर इन्क्लाइन डंबेल ३ सेट १० चे. फ्लाय मारायचीच खाज असेल तर शनिवारी दोन सेट मार, माझी हरकत नाही, पण फेलियर नको.

पहिले दोन-तीन आठवडे तुला हे सगळं फालतू सोपं वाटणार आहे. ६२.५ वर ५ रेप्स मारताना अजून तीन सहज निघाले असते असं वाटेल आणि तसंच वाटायला हवं. प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन रेप्स शिल्लक ठेवायचे. इथेच बहुतेक जण प्लॅन सोडतात, कारण जिममध्ये आजूबाजूला सगळे ओरडत असतात आणि आपण शांतपणे बार रॅकवर ठेवून बसतो, ते बरं दिसत नाही. पण बघ, आधी आठवड्याला ७ जड रेप्स होत होते, त्यातला शेवटचा कसातरी वाकडातिकडा. आता मंगळवारी २५, गुरुवारी १८, सगळे स्वच्छ, एकसारखे, वेगात. फेलियरला गेलास की त्यानंतरचे दोन दिवस शरीर भरून काढण्यात जातात आणि गुरुवार बोंबलतो. जड सिंगल, म्हणजे जड वजनाचा एकच रेप, करायचं कसब पण शेवटच्या आठवड्यांत आपोआप येतं, त्यासाठी वर्षभर सिंगल मारावे लागत नाहीत.

टेक्निकबद्दल जरा वेळ घेतो, कारण ७४ किलोच्या माणसाला नुसतं नीट झोपून दोन-तीन किलो मिळतात हे मी बघितलंय. डोळे बारच्या बरोबर खाली येतील असा झोप. बार धरण्याआधी खांद्याची पाठीमागची पाती एकमेकांकडे आणि खाली कमरेच्या दिशेने ओढ, जणू शर्टाची कॉलर मानेपासून लांब न्यायचीये, आणि पूर्ण सेट संपेपर्यंत ती तशीच ठेव. आता गंमत अशी की बहुतेकांचे बार ठेवायचे हूक चुकीच्या उंचीवर असतात, एक भोक वर, मग बार काढताना खांदे पुढे येतात, पाती सुटतात आणि सेट सुरू व्हायच्या आधीच सगळी मांडणी मोडते. हूक एवढे खाली लाव की कोपरं थोडीशीच सरळ करून बार निघेल, किंवा मागून कोणाला तरी बार उचलून द्यायला सांग. स्पॉटरचा खरा उपयोग हा आहे, बार काढून देणं, बाकी त्याने हात मागे घेऊन उभं राहावं.

ग्रिप किती रुंद? बार छातीवर असताना पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, समोरून बघितल्यावर उभा सरळ दिसला पाहिजे, आत किंवा बाहेर झुकलेला नको. बारवर जी गुळगुळीत रिंग असते तिच्या भरवशावर मात्र राहू नकोस. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर दोन रिंगांमधलं अंतर ८१ सेंटिमीटर असतं, वेटलिफ्टिंगच्या बारवर ९१, त्यामुळे कोणी तुला "करंगळी रिंगवर" सांगितलं आणि तुझ्या जिमचा बार दुसरा निघाला की ग्रिप दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर रुंद. टेपने एकदा मोजून घे. बार बोटांत नको, मनगटाच्या लगेच वर तळव्याचा जो जाड भाग आहे त्यावर, म्हणजे मनगट मागे मोडणार नाही. आणि अंगठा बारभोवती. अंगठा बाहेर ठेवून बेंच मारणारे बघतोस ना, त्यांचा बार हातातून सुटला तर तो थेट छातीवर किंवा गळ्यावर येतो, मधे अडवायला काहीच नाही.

खाली आणताना बार छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर, निपलच्या जरा खाली. कोपरं अंगाला चिकटलेली नकोत आणि टी सारखी पसरलेलीही नकोत, मधे कुठेतरी. आणि आता मुख्य मुद्दा, वर ढकलताना बार सरळ उभा जात नाही. नवखे लोक छातीवरून सरळ वर ढकलतात, बार खांद्याच्या पुढे राहतो, खांद्यावर ताण जास्त पडतो आणि तिथेच तो थांबतो. मुरलेले लोक सुरुवातीपासूनच बार वर आणि थोडा मागे, तोंडाच्या दिशेने नेतात, म्हणजे तो लवकर खांद्याच्या वर येतो आणि तिथून सोपा जातो. बाजूच्या व्हिडिओत बारच्या टोकाचा रस्ता बघ, खाली येताना एक वळण आणि वर जाताना त्याहून मागे झुकलेलं वळण दिसलं पाहिजे. तुला लॉकआउटला (शेवटी हात पूर्ण सरळ करताना) त्रास होतो असं तू लिहिलंयस आणि म्हणून ट्रायसेप्सचे चार व्यायाम लावलेस, पण माझा अंदाज, बार पुढे राहतोय. ट्रायसेप्स बिचारे निर्दोष आहेत.

कमानीबद्दल पण विचारलंयस. कमरेत नैसर्गिक कमान हवीच, बूड बेंचवरून उठता कामा नये. रील्समध्ये दिसतात त्या बायका-पुरुषांच्या धनुष्यासारख्या कमानी, ज्यात बार दोन इंचच हलतो, त्यावर आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशननेच २०२३ पासून नियम लावलाय की बार छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीइतकी किंवा त्याखाली यायला हवी. तुला त्या वादात पडायची गरज नाही, तुझी ताकद वाढवायचीये, अंतर कमी करायचं नाहीये.

लेग ड्राइव्हचं खूळ सध्या फार आहे. पाय जमिनीत रोवून मांड्यांनी शरीर खांद्याकडे ढकलायचं, शरीर घट्ट राहतं, चांगलं आहे, शिक. पण पाय म्हणजेच बेंच असं जे सांगतात त्यांना पॅरा पॉवरलिफ्टिंग (दिव्यांग खेळाडूंचं) दाखव. तिथे फक्त बेंच प्रेसच असतो आणि दोन्ही पाय बाकावरच असतात, जमिनीला टेकायचा प्रश्नच नाही. आपल्या राजिंदरसिंग राहेलूने २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये ५६ किलो गटात ब्राँझ आणलं ते असंच. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये सुधीरने हेवीवेटमध्ये सुवर्ण घेतलं, २१२ किलो उचलून, पायांशिवाय. तेव्हा पाठ, खांदे, छाती, हात आणि हजारो स्वच्छ रेप्स, बेंच यावर उभा राहतो.

पाठीवरून आठवलं, तुझ्या प्लॅनमध्ये रोइंग (वजन अंगाकडे ओढायचा व्यायाम) जवळजवळ नाहीच. बार जिथून ढकलतोस तो पाया पाठीचा आहे. बेंचच्या जितक्या सेट तितक्याच, निदान त्याच्या अर्ध्या तरी, रोइंगच्या सेट आठवड्यात असू दे, बारबेल रो किंवा छाती टेकवून डंबेल रो. पुल-अप्स चालतील. खांद्याचं मिलिटरी प्रेस आठवड्यातून एकदा, तीन सेट, बस. जोर मारतोस का विचारत होतास, मार की, खांदे मोकळे राहतात, आजोबा लोक उगाच मारत नव्हते, पण ८० चा ८५ जोर मारून होणार नाही, त्याला बारच लागतो.

आता खाणं. इथे खरं बोलू का, तुझी उंची पाच फूट आठ, वजन ७४, आणि तू लिहिलंयस की "कटिंग पण चालू आहे थोडंसं". मग संपलं ना. कमी खाऊन सगळ्यात आधी पडतो तो बेंच, स्क्वॉट-डेडलिफ्टच्या आधी. या नऊ आठवड्यांत कटिंग बंद. पोट सुटेल एवढं खायला सांगत नाहीये, आठवड्याला दोनशे-अडीचशे ग्रॅम वजन वाढेल इतकंच, नऊ आठवड्यांत दोनेक किलो. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅम धर, तुझं जवळपास १२० ग्रॅम. हे आपल्या जेवणात बसतं पण नुसत्या वरण-भात-पोळी-भाजीत बसत नाही. तीन अंडी म्हणजे १८, अर्धा लिटर दूध १६, सोया चंक्स कोरडे ५० ग्रॅम म्हणजे २६, पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ १३ च्या आसपास, चार पोळ्या १२, एक वाटी दही ५. बेरीज १०८, वर एक स्कूप व्हे किंवा मूठभर फुटाणे आणि झालं. चिकन खात असशील तर आणखी सोपं. शेंगदाणे प्रोटीनसाठी म्हणून खाऊ नकोस, त्यात तेलच जास्त. आणि श्रावणात बरेच जण अंडी-चिकन बंद करतात आणि सोमवार-शनिवार साबुदाण्यावर काढतात, साबुदाण्यात प्रोटीन नावालाच असतं, मग महिनाभरात बेंच पाच किलोने पडतो आणि दोष प्लॅनला. उपास कर, पण त्या दिवशी दूध, दही, पनीर, ताक वाढव.

सप्लिमेंटमध्ये एकच, क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही घे, पाण्यातून घे, लोडिंग-सायकलिंग काही नको. सुरुवातीला किलोभर वजन पाण्याने वाढेल. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं म्हणून तपासणी करताना डॉक्टरांना सांग की क्रिएटिन घेतोय, आणि किडनीचा आधीच काही त्रास असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नकोस. प्री-वर्कआउटचं म्हणशील तर त्यातलं काम करणारं मुख्य सामान कॅफिन आहे, कडक कॉफी प्यायलास तरी तेच, आणि संध्याकाळी आठला प्यायलास तर झोप जाईल, आणि झोप गेली की बेंच गेला. जिममध्ये कोणी "कोर्स" सुचवला, लेबल नसलेली बाटली किंवा इंजेक्शन दाखवलं, तर तिथून उठून ये. ८० चा ८५ करायला हार्मोन लागत नाहीत रे.

दुखण्याचं बघ. छातीत, ट्रायसेप्समध्ये जड वाटणं ठीक. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचणं, रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, हे ठीक नाही. असं झालं तर वजन ढकलत राहू नकोस, आधी ग्रिप एक बोट आत घे, रोइंग वाढव, आठवडाभर डंबेलवर ये आणि तरी कमी नाही झालं तर फिजिओथेरपिस्टला दाखव. एकटा बेंच मारत असशील तर रॅकमध्ये सेफ्टी पिना छातीच्या जरा खाली लावून मार. पिना नसतील तर प्लेट्सना क्लिप लावू नकोस, म्हणजे अडकलास तर एका बाजूने झुकवून प्लेट्स खाली सोडता येतील. आवाज होईल, ट्रेनर ओरडेल, पण गळ्यावर बार घेण्यापेक्षा ते बरं.

नवव्या आठवड्याच्या मंगळवारी असं कर, बार, ४० वर ५, ५५ वर ३, ६५ वर १, ७२.५ वर १, ७७.५ वर १, मग ८२.५. प्रत्येकात चार-पाच मिनिटं थांब. ८२.५ वेगात गेला तर ८५ लाव, घासत गेला तर तिथेच थांब आणि घरी जा, त्या दिवशी त्याहून पुढे काही नाही. पुढचा राउंड मंगळवारच्या ६५ पासून सुरू कर, बाकी सगळं तसंच अडीच किलोने वर सरकवून. ८२.५ गेलाच नाही तर लगेच दुसऱ्यांदा लावू नकोस, दमलेल्या अंगाने काही कळत नाही. व्हिडिओ बघ, बार कुठे थांबला ते बघ, आणि नऊ आठवड्यांत वजन वाढलं का ते बघ. वजन ७४ चं ७४ च असेल तर उत्तर ताटात आहे. वजन वाढलंय, बारचा रस्ता नीट आहे आणि तरी गेला नाही, तर तोच प्लॅन परत ६२.५ पासून, पण मंगळवारी पाचऐवजी सहा सेट आणि शनिवारी तीनऐवजी चार. एका राउंडला पाच किलो मिळाले तर खूप झाले, दुसऱ्याला अडीच मिळतील, ९० च्या पुढे अडीच-अडीचनेच जावं लागेल, म्हणूनच त्या छोट्या प्लेट्स आजच घेऊन ठेव.